बर्नलीचं साचाखातं

सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या लँकशायरमधल्या बर्नलीत वाढलेल्या आम्हा मराठी डॉक्टरांच्या मुलांना चालू गिरण्या थोड्याच दिसल्या. चिमण्या मात्र जिकडेतिकडे. काजळीने काळवंडलेल्या दगडी घरांच्या रांगा, लीड्स-लिव्हरपूल कालवा, मागे पेंडल टेकडी आणि वर कायम गळणारं आभाळ. अशा दमट हवेत सूत कमी तुटतं, म्हणून कापडाचा धंदा इथे फोफावला, असं शाळेत शिकवत. आमच्या आयांची तक्रार एवढीच, की पापड वाळत नाहीत.

बाबांचे कितीतरी पेशंट म्हातारे विणकर होते. साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटाने कान गेलेले. कामावर ही माणसं ओठ ताणून, आवाज न काढता बोलत. त्याला 'मी-मॉइंग' म्हणत. बाबांचं लालबागी इंग्रजी नर्सला दोनदा विचारावं लागे. या बहिऱ्यांना ओठांवरूनच सगळं समजायचं!

उन्हाळ्यात 'वेक्स वीक' यायचा. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. गिरण्या बंद, अख्खं गाव ब्लॅकपूलला. आम्हीही दशम्या बांधून जायचो आणि वाळूसकट खायचो.

मग मुंबईहून आजी आली. ती काही वर्षं गिरणीच्या वायंडिंग खात्यात होती, तिचे वडील साचाखात्यात. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्याखाली गेला, तोही गिरणी कामगारच, हे ती काल घडल्यासारखं सांगे. शेजारच्या आजी मूळच्या ब्लॅकबर्नच्या. तिथे हिंदुस्थानसाठी धोतरं विणली जात. मागणी आटली, साचे थांबले, घरी चूल थंडावली. त्या दोष गांधींना, त्यांच्या विलायती कापडावरच्या बहिष्काराला देत. खरं तर जपानचा स्वस्त माल आणि खुद्द मुंबईच्या गिरण्याही त्यात होत्या. पण उपाशी घराचा हिशेब असा मांडत नाहीत. तरी १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी जवळच्या डार्वेनला आले, तेव्हा गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती हसत फोटो काढून घेतला.

या दोन म्हाताऱ्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. तुटलेल्या सुताची गाठ कशी मारायची, यावर मात्र दोघी सोफ्यावर बसून कडाकडा भांडल्या. खाणाखुणांनी.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी बर्नलीची वाफेवर चालणारी क्वीन स्ट्रीट मिलही बंद पडली. पुढे तिचं संग्रहालय झालं. मिल बंद पडल्याचं मुंबईला परतलेल्या आजीला फोनवर सांगितलं, तर तिने पहिलं विचारलं, "शेजारणीच्या लेकीचं काम राहिलं का रे?"