दात बघून घ्या!

आपल्या होस्टेलवर 'सेकंड हँड' हा शब्द कुणालाच नवा नाही. ड्राफ्टर सेकंड हँड, कूलर सेकंड हँड, सायकल सेकंड हँड; जर्नल्स तर कधी कधी पाचव्या हँडची! पण ही खरेदी तशी सोपी असते. कूलर लावून बघता येतो, सायकलवर एक चक्कर मारता येते. पण जी वस्तू चालवूनच बघता येत नाही, ती पारखायची कशी? मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्या पद्मिनी फियाटसाठी जुना गिअरबॉक्स विकत घेतला, तेव्हा जे कळलं ते इथे लिहितेय. (मुलगी दिवाळीत भंगार बाजार फिरत होती हे ऐकून माझ्या रूममेटने कपाळावर हात मारला होता.) माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची!

गाडी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. प्रीमियर पद्मिनी, १९९१ ची. नंबर एमएच ३०, म्हणजे अकोल्याचा, कारण तेव्हा आपला वाशिम जिल्हाच नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ ला, आणि एमएच ३७ त्याच्या नंतरचं. आबा मंगरूळपीरला डॉक्टर होते. रात्री-बेरात्री कितीतरी पेशंट याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून त्यांनी अकोल्याला पोचवलेत. पण गेली चार वर्षं गाडी कडुलिंबाखाली उभी होती. आबा दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे, बोनेट पुसायचे आणि आत यायचे. बोलायचे काहीच नाहीत.

दुखणं असं होतं : दुसऱ्या गिअरमधून गाडी आपोआप न्यूट्रलला यायची, आणि पहिल्या तिन्ही गिअरला नुसती कण्हायची. चौथ्याला मात्र चूप! थिअरी ऑफ मशीन्स शिकताना जे नुसतं पाठ केलं होतं, ते इथे कानाने ऐकू आलं. चौथा गिअर डायरेक्ट असतो; इंजिनकडची ताकद सरळ मागच्या शाफ्टला जाते, खालच्या ले-शाफ्टवर भार येत नाही. म्हणजे रडत होता तो ले-शाफ्ट आणि त्याची बेअरिंग. आमच्या मिस्त्रीकाकांनी बॉक्स उतरवून उघडला तर बेअरिंग गेलेलीच, शिवाय दुसऱ्या गिअरचे दात गोल झालेले. सुटे गिअर कुठे मिळेनात. आता अख्खा बॉक्सच शोधायचा.

बाबांचा हिशोब सरळ होता. नोंदणीची मुदत २०२६ मध्ये संपणार. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली. तपासणीला गाडी चालत न्यावी लागणार. आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे 'विंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आमची चौतीस! ना नवी, ना विंटेज. भंगारवाला अठरा हजार देत होता. बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत काही जमलं तर बघ, नाहीतर देऊन टाकू." माझ्याकडे उन्हाळी ट्रेनिंगच्या स्टायपेंडचे बारा हजार होते, लॅपटॉपसाठी ठेवलेले.

निघण्याआधी मिस्त्रीकाकांनी एकच मंत्र दिला. "पोरी, गिअरबॉक्स घेणं म्हंजे बैल घेणं हाय. मालक काय सांगते ते आयकाचं नाही. तोंड उघडून दात पाहाचे!"

अकोल्याला मामांना सोबत घेतलं. बरोबर तीन वस्तू नेल्या : जुनी क्लच प्लेट, पुठ्ठा आणि चुंबक. पुठ्ठ्यावर जुन्या बॉक्सच्या तोंडाची, म्हणजे बेल हाउसिंगची, सगळी बोल्टची भोकं छापून घेतली होती. दुकानदार काहीही म्हणो, पुठ्ठा खोटं बोलत नाही.

हे कशासाठी? कारण 'फियाटचा गिअरबॉक्स' या नावाखाली दोन वेगळी मशिनं विकली जातात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची गाडी बनायची, तिलाच १९७४ पासून पद्मिनी नाव मिळालं. हिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, म्हणून पुढे सलग सीट आणि तिघं आरामात. पुढे १९८५ च्या सुमारास त्याच कंपनीने ११८ एनई आणली. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स निस्सानचे, दांडा खाली फ्लोअरवर. लोक तिलाही फियाटच म्हणायचे!

पहिल्या दुकानात तेच झालं. "फियाटचाच आहे, डोळे मिटून न्या," दुकानदार मामांकडे बघून म्हणाला. (प्रश्न मी विचारायचे, उत्तरं मामांना मिळायची. मेकॅनिकलच्या मुलींना याची सवय असते.) बॉक्सच्या डोक्यावर दांड्याची बैठक होती, म्हणजे फ्लोअर शिफ्ट. पुठ्ठा लावला तर भोकं जुळेनात. क्लच प्लेट इनपुट शाफ्टवर सरकेना. बॉक्स आतून मात्र झकास होता, आणि किंमत फक्त सहा हजार. "प्लेट बनवून घ्या, फ्लोअरला भोक पाडा, बसून जाईल," तो म्हणाला.

खरं सांगते, मोह झाला. मी आबांना फोन लावला. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "तुला चालवायला करत असशील तर खालचा बसव, बेटा. माझ्यासाठी करत असशील तर खर्चच कशाला? मला आता रात्रीचं दिसतं कुठे?"

आता आली का पंचाईत! मी मामांसोबत चहा घेत विचार केला. भोक पाडलं की सलग सीट कापावी लागणार, मागचा प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करावा लागणार. आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी मिस्त्रीने ही गाडी उघडली तर आत काय आहे ते त्याला कोण सांगणार? गाडी चालू होईल, पण ती आबांची राहणार नाही आणि धड माझीही होणार नाही. सहा हजारांचा बॉक्स तिथेच सोडला.

दुसऱ्या दुकानात पद्मिनीचा बॉक्स होता. पुठ्ठा जुळला. क्लच प्लेट लोण्यासारखी सरकली. हा दुकानदार म्हणाला, "मुंबईचा माल आहे, पण टॅक्सीचा नाही. प्रायव्हेट गाडी, चाळीस हजार किलोमीटर." मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे मुंबईचा माल टॅक्सीचा असण्याची शक्यताच जास्त. पण वाद कशाला? दात बघू.

आधी ड्रेन प्लग काढला. ऑइलमध्ये करडी मऊ भुकटी असेल तर ती नेहमीची झीज. टोकदार तुकडे चुंबकाला लागले तर दात किंवा बेअरिंग तुटलंय. भुकटीच निघाली. मग दोन्ही शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या आणि एकेक गिअर हाताने टाकून इनपुट फिरवला. न्यूट्रलला मागचा शाफ्ट थांबला. चौथ्याला फेऱ्याला फेरा. पहिल्याला इकडे पावणेचारच्या थोडे पुढे फेरे, तेव्हा तिकडे एक. रिव्हर्सला उलटा. म्हणजे सगळे गिअर हजर. मग झाकण उघडायला लावलं. दुसऱ्या-तिसऱ्याचे दात धारदार, पहिल्याचे कोपरे थोडे झिजलेले. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, गाडी पूर्ण थांबायच्या आत टाकला की दात दातावर आपटतात, तेव्हा एवढं चालायचंच. शेवटी इनपुट शाफ्ट धरून वर-खाली हलवला. हलला! पुढची बेअरिंग ढिली. ते बोट ठेवून दाखवलं तेव्हा दुकानदार पहिल्यांदा माझ्याशी बोलला. चौदा हजारांवरून गाडी नऊवर आली. उरलेल्या तीनात नवी बेअरिंग, ऑइल सील आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल बसलं. मिस्त्रीकाकांची मजुरी बाबांनी परस्पर दिली, मला नंतर कळलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर आली. मी स्टिअरिंगवर, आबा शेजारी, आजी आमच्या दोघांच्या मध्ये. पहिल्याला थोडा आवाज अजून आहे, तो राहणार. आबा खिडकीबाहेर बघत कान लावून बसले होते. दांडा सरकला, गाडीने वेग घेतला, दांडा जागचा हलला नाही. "दुसरा लागला," आबा एवढंच म्हणाले. मग आजीने विचारलं, "आता अकोल्याला न्यायची का?" तर म्हणाले, "दिवसा."

नोंदणी २०३१ पर्यंत वाढलीय. दहा हजारांची फी बाबांनीच भरली, कुरकुर करत. लॅपटॉप पुढच्या सेमला, तोवर लॅब झिंदाबाद.

आणि हो, आबांचा जुना बॉक्स मी भंगारात दिलेला नाही. सरांच्या परवानगीने तो आपल्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या मागच्या बाकावर ठेवलाय, झाकण उघडं ठेवून. ज्युनिअर्सनी जरूर बघावा. गोल झालेल्या दातांवरून बोट फिरवा, मग शाफ्ट हलवून बघा. पुढे कधी कुणी तुम्हाला "डोळे मिटून न्या" म्हणालं, तर ते बोट आठवेल.