पायलट असला तरी...

परवा अकोल्याला घरी गेलो होतो, तेव्हा अमरावतीचा हॉस्टेलमित्र भेटला. मर्चंट नेव्हीत आहे. आम्ही वऱ्हाडातली माणसं, मोर्णेला पूर आला की तोच आमचा समुद्र! त्यामुळे जहाजावरही पायलट असतो हे मला त्या दिवशी कळलं.

बंदराजवळ हा स्थानिक जाणकार छोट्या बोटीतून येतो आणि दोरशिडीने जहाजावर चढतो. मग कुठे वळायचं, वेग किती, सगळं तोच सांगतो.

"म्हणजे ठोकलं तर त्याच्यावर?"

"नाही बे! पायलट आला म्हणून कॅप्टनची सुट्टी नसते. पायलट चुकतोय असं वाटलं तर त्याला थांबवायचा हक्कही कॅप्टनचाच." (पनामा कालवा अपवाद, तिथे ताबा पायलटकडे जातो.)

मग २०१० निघालं. ७ ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, कंटेनर समुद्रात, तेल पार किनाऱ्यापर्यंत. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन्ही कॅप्टनांवर.

मला माझाच पराक्रम आठवला. गेल्या वर्षी कन्सल्टंट म्हणाला, ही स्क्रिप्ट चालव. मला शंका आली होती, तरी एंटर दाबलं. अख्खं टेबल उडालं. मेलमध्ये मी शहाणपणाने लिहिलं, "कन्सल्टंटच्या सांगण्यावरून."

मित्र हसला नाही. "शंका होती तर थांबला का नाहीस?"

काय सांगणार... सोमवारी त्याच कन्सल्टंटची नवी स्क्रिप्ट आहे. बॅकअप झाल्याशिवाय चालवणार नाही, असं कळवून टाकलंय. अजून उत्तर नाही.