तो नेमका कोणासाठी मेला?

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टींवर चर्चा होते : धर्मांतर आणि मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखाने. पण त्या धर्माच्या आत चारशे वर्षांहून जास्त काळ एक वाद पेटलेला आहे, त्याची खबर आपल्या वाचणाऱ्या कार्यकर्त्यांनाही फारशी नसते. वाद साध्या प्रश्नाचा आहे. येशू वधस्तंभावर मेला तो कोणासाठी? सगळ्या माणसांसाठी, की देवाने आधीच निवडलेल्या काही जणांसाठी?

मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. तरीही हा प्रश्न माझ्या घरातला आहे. नगर जिल्ह्यात आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे आहेत, एक घर बौद्ध आणि एक ख्रिस्ती. माझी आत्या लग्न होऊन ख्रिस्ती घरात गेली आणि मनापासून ख्रिस्ती झाली. तिची आई, म्हणजे माझी आजी, बाप्तिस्मा न घेताच गेली. आत्याने दोन वेगवेगळ्या मंडळ्यांच्या पाळकांना एकच गोष्ट विचारली : "साहेब, येशू माझ्या आईसाठी पण मेला का?"

एक पाळक म्हणाले, येशूने आपल्या मेंढरांसाठी प्राण दिला आणि मेंढरे कोणती हे देवाने जग निर्माण करण्यापूर्वीच ठरवले आहे. दुसरे म्हणाले, तो तुमच्या आईसाठीही मेला, पण तिने विश्वास ठेवला नाही, म्हणून तिला त्याचा लाभ नाही. आत्या मला म्हणाली, "अरे, दोघं एकमेकांशी भांडतात, पण माझी आई दोघांच्याही हिशेबात बाहेरच!"

आत्या चौथी शिकलेली. पण ज्या वादावर ग्रंथांचे ढीग पडलेत, त्याचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले.

आता इतिहास पाहू. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक आर्मिनियस 1609 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन मांडले. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, पण लाभ विश्वास ठेवणाऱ्यालाच, हे त्यातले एक कलम. कॅल्व्हिनच्या अनुयायांना ते मान्य नव्हते. 1618-19 मध्ये डॉर्ट येथे धर्मसभा भरली. तिने निकाल दिला : ख्रिस्ताच्या मरणाचे मोल सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतके आहे, पण त्याने तारण होते ते निवडलेल्यांचेच. आर्मिनियसच्या बाजूचे सुमारे दोनशे धर्मोपदेशक पदावरून गेले. त्यांचा पाठीराखा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा मे 1619 मध्ये शिरच्छेद झाला. त्यात सत्तेचे राजकारण होतेच. पण तारण किती जणांचे, या वादाच्या आडूनच ते खेळले गेले.

कॅल्व्हिनवाद्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ख्रिस्त सर्वांसाठी मेला आणि तरी अनेक जण नरकात गेले, तर त्याचे मरण वाया गेले म्हणायचे का? आणि शेवटचा निर्णय माणसाच्या विश्वासावर असेल, तर तारण देवाच्या कृपेने झाले की माणसाच्या हुशारीने? युक्तिवाद पक्का आहे. त्यात एक समताही आहे : निवड माणसाची लायकी पाहून होत नाही, राजालाही दावा सांगता येत नाही. पण जन्माच्या आधी ठरलेली यादी, जिच्यावर अपील नाही आणि जिचे कारण विचारायचे नाही, ही कल्पना आपल्याला फार ओळखीची आहे. तिला देवाची कृपा म्हटल्याने यादीबाहेरच्या माणसाला काय फरक पडतो?

मग "सर्वांसाठी" म्हणणारे आपोआप चांगले ठरतात का? तसेही नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफिल्ड हे दोन मित्र याच प्रश्नावर दुरावले. वेस्ली म्हणत, कृपा सर्वांसाठी. व्हिटफिल्ड म्हणत, निवडलेल्यांसाठी. वेस्लींनी 1774 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. व्हिटफिल्ड यांनी अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर व्हावी म्हणून खटपट केली आणि स्वतः गुलाम बाळगले. इथे हिशेब सरळ वाटतो. पण गुलामांच्या व्यापाराविरुद्ध 1788 मध्ये लिहिणारे जॉन न्यूटन कॅल्व्हिनवादीच होते. आणि वेस्लींचा वारसा सांगणारे अमेरिकन मेथॉडिस्ट 1844 मध्ये फुटले ते एका बिशपकडे गुलाम होते म्हणून. दक्षिणेकडचे त्या बिशपच्या बाजूने उभे राहिले. तोंडाने "सर्वांसाठी" म्हणणाऱ्यालाही शेजारच्या माणसाला विकता येते.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ. तो प्रश्न नगरलाच एका मिशनऱ्यासमोर उभा राहिला होता. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईत जन्मलेले, अहमदनगरला काम करणारे अमेरिकन मिशनरी. त्या काळात अमेरिकेत अँडोव्हर येथील धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक विचार मांडला होता : ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, त्यांना मरणानंतर एक संधी मिळत असेल. 1886 मध्ये रजेवर असताना ह्यूम यांनी या विचाराला सहानुभूती दाखवली. तेवढ्यावरून त्यांना भारतात परत पाठवायचे की नाही, याचा वाद त्यांच्या मिशन बोर्डात झाला. शेवटी परवानगी मिळाली. ज्यांना खऱ्या माणसांच्या मेलेल्या आईबापांविषयी उत्तर द्यावे लागत होते, त्यांना जुना हिशेब पुरत नव्हता, असे मला वाटते. कॅथलिक चर्चनेही 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केले की, ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही, पण जे सद्‌विवेकाने जगले, त्यांचे तारण होऊ शकते.

माझी भूमिका स्पष्ट आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बुद्ध मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे असे सांगितले. मोक्ष देणारा कोणी नसला की आत कोण, बाहेर कोण ही यादीही उरत नाही. पण हे सांगून ख्रिस्ती बांधवांवर मात करण्याचा आव मला आणायचा नाही. त्यांच्यातल्याच अनेकांनी पदे आणि प्रतिष्ठा पणाला लावून हे दार रुंद केले आहे.

आपण एवढेच शिकावे. कोणताही धर्म, कोणताही पक्ष, कोणतीही चळवळ "सर्वांसाठी" म्हणू लागली की टाळ्या वाजवण्याआधी विचारावे : या सर्वांमध्ये कोण नाही? आणि ज्याला वगळले आहे, त्याच्या लेकीला ते तोंडावर सांगण्याची तुमची तयारी आहे का?