कोसाडच्या सपाटीवरून गडाकडे

तापीच्या उत्तर तीरावरील कोसाड हे मूळचे शेतीचे गाव आज सुरत महानगरात मिसळून गेले आहे, आणि मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर उत्राण ओलांडल्यानंतर लागणाऱ्या त्याच्या छोट्या स्थानकावरून दृष्टी कितीही दूर टाकली, तरी नदीच्या गाळाने घडवलेल्या सपाट भूमीखेरीज काही दिसत नाही. येथे डोंगर नाही, टेकडीही नाही. असे असताना धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमाग, कापड-रंगाई आणि बांधकाम यांच्या कामासाठी सुरतेत आलेल्या, उधना-लिंबायतपासून थेट तापीपलीकडच्या वसाहतींपर्यंत पांगलेल्या आणि घरात अहिराणी बोलणाऱ्या असंख्य कुटुंबांचे कुलदैवत मात्र एका कड्यावर उभे आहे. नाशिक जिल्ह्यातील वणीजवळची सप्तशृंगी ही ती देवता होय. ज्यांच्या रोजच्या जगण्यात चढण अशी उरलीच नाही, त्यांच्या वर्षाची गणती एका चढणीशी बांधलेली असावी, ही गोष्ट डोंगर आणि तीर्थ यांच्या नात्याविषयी पुष्कळ काही सांगते.

सप्तशृंगीचे स्थान सातमाळा रांगेत आहे. ही रांग म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे फुटलेला आणि खानदेश व गोदावरीचे खोरे यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा असलेला फाटा असून अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना असे किल्ले त्याच्या शिखरांवर ओळीने बसलेले आहेत. सप्तशृंगी लढाऊ किल्ला म्हणून इतिहासात फारशी गाजली नाही, परंतु तिच्या दोन्ही अंगांना गडांची ही मालिका असल्यामुळे गड आणि देवस्थान यांची सीमारेषा येथे ठरवता येत नाही. अठरा भुजांची, कातळातच कोरलेली देवीची उभी मूर्ती मान किंचित कलती करून आहे, आणि श्रद्धा अशी की समोरच्या मार्कंड्यावर बसून मार्कंडेय ऋषी तिचे माहात्म्य गात असतात, ते ऐकण्यासाठी तिने कान तिकडे दिला आहे. मार्कंड्या हाही किल्लाच आहे, आणि सोमवती अमावास्येला, म्हणजे सोमवारी येणाऱ्या अमावास्येला, तेथेही यात्रा भरते. दोन डोंगरांमधली दरी एका संवादाने भरून काढणारी ही कल्पना अत्यंत सुंदर आहे, कारण तिच्यामुळे एका शिखरावर उभ्या असलेल्या यात्रेकरूला दुसरे शिखरही आपोआप पवित्र वाटू लागते.

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत, म्हणजे देवीच्या प्रमुख मानलेल्या स्थानांत, कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि सप्तशृंगी हे अर्धे पीठ असे परंपरा सांगते. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत भरणाऱ्या यात्रेला खानदेशातून लोक जथ्याजथ्याने पायी निघतात. ऊन पराकोटीला पोचलेले असते, डांबर तापलेले असते आणि हातात ध्वज असतो. या यात्रेतील सर्वांत विलक्षण कृत्य मात्र एकट्या माणसाने करायचे असते. देवीच्या मंदिरामागचा जो उभा कडा, त्याच्या शिखरावर जायला वाट अशी नाही, आणि तेथे रात्री चढून निशाण लावण्याचा मान पायथ्याच्या दरेगावातील एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाखो माणसे खाली उभी राहून ज्या ध्वजाकडे पाहतात, तो फडकवणाऱ्याची चढाई कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. कोजागरीला याच गडावर कावडी येतात. कावड म्हणजे खांद्यावर आडवी घेतलेली, दोन्ही टोकांना पाण्याची भांडी अडकवलेली काठी असून तिच्यातून तापी, नर्मदा, गोदावरी यांचे पाणी देवीच्या अभिषेकासाठी चालत वर नेले जाते. त्याच रात्री तृतीयपंथी भाविकही गडावर मोठ्या संख्येने जमतात, आणि गावोगावी ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले जाते त्यांना या उंचीवर मानाची जागा मिळते, ही या तीर्थाची फार मोठी थोरवी समजली पाहिजे.

गडाच्या उंचीचा उपयोग दोन परस्परविरुद्ध प्रकारे होतो, आणि हे विरुद्धत्व पायरीत सर्वाधिक स्पष्ट दिसते. किल्लेदाराला पायरी अवघड हवी असते. ती अरुंद असावी, वळत जावी, वर दरवाजा असावा आणि प्रसंगी ती तोडूनही टाकता यावी. देवतेच्या भक्ताला तीच पायरी रुंद आणि सोपी हवी असते. सप्तशृंगीच्या मंदिराकडे चढणाऱ्या पायऱ्या १७१० च्या सुमारास उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्या. पुढे शाहू महाराजांचे सेनापती झालेल्या खंडेराव दाभाडे यांच्या त्या पत्नी असून त्यांचे माहेर गडाच्या परिसरातील अभोण्याचे ठोके देशमुख हे होते, म्हणजे लहानपणापासून हा कडा त्यांच्या क्षितिजावर होता. याच दाभाड्यांकडे मराठ्यांच्या गुजरातेतील मोहिमांचे नेतृत्व होते, त्यांच्याच हाताखालच्या पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातील सोनगडावर ठाणे बसवले, आणि १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पुत्र त्रिंबकराव पडल्यावर उमाबाईंनी सेनापतिपदाचा भार उचलून स्वतः गुजरातेत फौज नेली. त्यांच्या मोहिमांचे राजकीय फळ दाभाड्यांच्या हाती राहिले नाही, ते गायकवाडांकडे गेले. त्यांच्या पायऱ्या मात्र राहिल्या, आणि गुजरातेतून येणारा खानदेशी कामगार त्यांच्या मार्गाने आजही वर जातो.

याच्या उलट गोष्ट १८१८ मध्ये घडली. पेशवाई बुडाल्यावर या भागातील किल्ले इंग्रजांच्या ताब्यात आले, तेव्हा ते पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे ते निकामी करण्याचे काम आले, आणि अनेक गडांच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवण्यात आल्या. पायरी गेली की गड मेला, हा हिशेब सैनिकी दृष्टीने अचूक होता. ज्या गडांवर दैवत होते तेथे मात्र तो चुकला, कारण भाविकांनी तुटलेल्या कड्यातून नव्या खोबणी आणि नव्या वाटा शोधल्या.

बागलाणातील साल्हेर हाही गड आणि दैवत एकत्र असलेला असाच एक डोंगर आहे. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असून त्याच्या माथ्यावर परशुरामाच्या पादुकांचे छोटे मंदिर आहे; सर्व पृथ्वी दान केल्यावर राहायला भूमी उरली नाही म्हणून परशुरामाने येथून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी कथा आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज बागलाणातूनच परतले आणि सातमाळा ओलांडून दिंडोरीजवळ त्यांनी मोगल सरदार दाऊदखानाशी झुंज दिली. लवकरच साल्हेर त्यांच्याकडे आला, आणि १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर या त्यांच्या सेनानींनी गडाच्या पायथ्याशी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत साल्हेरही आहे.

सप्तशृंगीवर २०१८ पासून तिरक्या रुळांवरून चालणारी ट्रॉली सुरू झाली आहे. वृद्ध, आजारी आणि अपंग यांना तिने देवीचे दार उघडून दिले, म्हणून तिच्याविषयी कुरकुर करणे अन्यायाचे होईल. चिंता वेगळीच आहे. यात्रेचा ओघ वाढला की कातळात खोदलेली टाकी, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्यासाठी गडकऱ्यांनी कोरलेले हौद, प्लास्टिकने भरतात. जुन्या दगडी मंदिरांना चकचकीत फरशा लागतात. आणि ज्या गडांवर दैवत नाही त्यांचे दरवाजे कोणी न पाहताच ढासळत जातात. २०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेकडो वर्षे साचलेला शेंदराचा थर काढल्यावर आतले मूळ शिल्प दिसले, तेव्हा जतन आणि भक्ती यांत वैर नाही हे सिद्ध झाले. म्हणून सुरतेहून सापुताऱ्याच्या घाटाने चैत्रात वणीला निघणाऱ्या जथ्यांना विनंती एवढीच की त्यांनी आपल्यासोबत वर नेलेले सर्व प्लास्टिक खाली परत आणावे, टाक्यांत साबण आणि निर्माल्य जाऊ देऊ नये, आणि एखाद्या वर्षी दर्शनानंतर वाट थोडी वाकडी करून मार्कंड्या, धोडप किंवा साल्हेर यांपैकी एक तरी गड चढून पाहावा.