उभ्या गाडीची थकबाकी

जुनी गाडी बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती फिरली आहे?" मीटरवरचा आकडा लहान दिसला की निम्मा सौदा तिथेच पक्का होतो. रोजच्या वापरातल्या छोट्या गाडीपुरते हे ठीक आहे. पण वेगाची, हौसेची गाडी स्वस्तात मिळत असेल तर याच प्रश्नाने फसगत होते. वाहनदुरुस्तीच्या धंद्यातला माणूस म्हणून मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. अशी गाडी चालून झिजलेली नसते, उभी राहून बिघडलेली असते. म्हणून तिची किंमत, तपासणी आणि दुरुस्तीचा क्रम या तिन्ही गोष्टी ती किती वर्षे उभी होती यावरून ठरवायला हव्यात. पहिला मालक हौसेने घेतो, दुसरा स्वस्तात मिळाली म्हणून घेतो, मग एखादे मोठे बिल समोर येते आणि गाडी ताडपत्रीखाली जाते. तिथून पुढे मीटर थांबतो, बिघाड मात्र चालूच राहतो. त्याला मी थकबाकी म्हणतो. मालकाने वेळच्या वेळी जे केले नाही ते व्याजासकट पुढच्या मालकाच्या नावावर चढते.

परभणीकरांसाठी याचे सगळ्यांत जवळचे उदाहरण मराठवाड्यातच जुळवले गेले आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला आणि तिथूनच काही वर्षांनी ऑक्टाव्हिया आरएस बाहेर पडली. 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. दिसायला घरगुती चार दरवाज्यांची, चालायला त्या काळच्या भारतीय बाजारात फार थोड्या गाड्या बरोबरी करतील अशी. त्याच सुमारास मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट पालिओ 1.6 तयार होत होती. लहान अंगाच्या त्या गाडीत 100 अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे 2015 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावातून अबार्थ पुंटो आली, 1.4 लिटर टर्बो आणि 145 अश्वशक्ती. दोन दरवाज्यांच्या परदेशी स्पोर्ट्स कार आपल्या भागात विरळाच. इथल्या तरुणाच्या आवाक्यात येणारी वेगाची गाडी म्हणजे या जातीची. तिची किंमत पडते त्यामागे तीन कारणे असतात: पेट्रोल जास्त खाते, सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि गल्लीतला मिस्त्री तिला हात लावायला कचरतो. फियाटने तर भारतातून आपल्या नावाच्या गाड्याच बंद केल्या. यातले एकही कारण गाडी वाईट असल्याचे नाही, हे लक्षात घेतले म्हणजे अशा सौद्यात अर्थ का आहे ते कळते.

आता थकबाकी कुठे साचते ते पाहू. सुरुवात टाकीपासून. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ज्या उसातून ते येते तो पाथरी-गंगाखेड पट्ट्यातही पिकतो, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, हा त्याचा गुणधर्म आहे. टाकी अर्धवट भरलेली ठेवून गाडी एक-दोन पावसाळे उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, पत्र्याची टाकी असेल तर ती आतून गंजते, पंप आणि इंजेक्टर चिकटतात. 2004-05 सालच्या गाडीचे रबरी होज इतक्या इथेनॉलसाठी बनवलेलेच नव्हते. ते आधी फुगतात, मग तडकतात. ब्रेक ऑइलचेही तेच. डॉट 4 प्रकारचे ताजे ब्रेक ऑइल किमान 230 अंशांवर उकळायला हवे असे मानक सांगते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. वेगात असताना एकामागून एक दोन-तीन कडक ब्रेक मारले तर ऑइल उकळते, त्यात वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जाते. गाडी फिरली नाही म्हणून ब्रेक ऑइल नवे राहत नाही. टायमिंग बेल्टला कंपनी किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा देते ती याचसाठी. बेल्ट रबराचा आहे आणि रबर वयाने कडक होते. आरएसच्या इंजिनात तो चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवण्यावाचून इलाज राहत नाही.

याच्या जोडीला आपल्या जिल्ह्याची स्वतःची भर असते. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. बंद काचांच्या गाडीत डॅशबोर्ड, दरवाज्यांची रबरे, वायरींवरचे आवरण सगळे भाजून निघते. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते. त्या मातीवर गाडी उभी असेल तर खालून ओलावा सतत वर येत राहतो, चाकाच्या खोबणीत चिकटलेला चिखल महिनोन् महिने वाळत नाही आणि गंज तिथून धरतो, वरचा रंग कितीही चकचकीत असो. बोअरचे पाणी जड. रेडिएटरमध्ये कुणी ते ओतत आलेला असेल तर आतल्या बारीक नळ्यांवर क्षार बसलेला असतो आणि उन्हाळ्यात पहिल्याच लांब पल्ल्याला इंजिन तापते. आणि धान्याच्या किंवा सरकीच्या पोत्यांशेजारी उभ्या केलेल्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात. जुन्या साध्या गाडीत चार वायरी जोडून काम भागत होते. संगणकावर चालणाऱ्या इंजिनात एका कुरतडलेल्या वायरीचा शोध घेण्यात मिस्त्रीचे दिवस जातात. मानवत, सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठेत गाडी बघायला जाणाऱ्याने बॉनेट उघडून आधी इंजिनावरचे आवरण काढावे. खाली कापसाचे बोळे दिसले तर वायरिंगचा खर्च तिथेच मनात धरावा.

या सगळ्यावर विकणाऱ्याकडे एकच उत्तर असते: दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारून दाखवणे. इंजिन धडधडले की घेणारा खूश. माझ्या मते या सौद्यातली सर्वांत महागडी चूक हीच. वर्षानुवर्षे थांबलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर तेलाचा थर उरलेला नसतो, टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो. 1.8 टर्बो इंजिनात तर तेल वेळेवर बदलले नाही की खालच्या चेंबरमध्ये गाळ साचून तेल खेचणारी जाळी तुंबते, ही त्याची जगभर ठाऊक असलेली खोड आहे. अशा इंजिनाला पहिल्याच दिवशी रेस देणे म्हणजे टर्बो घालवणे. रीत अशी: टाकी पूर्ण रिकामी करावी, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावे, ऑइल चेंबर उतरवून जाळी धुवावी. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, पान्याने इंजिन हातानेच दोन-चार फेरे फिरवावे आणि ते मोकळे फिरते की अडते हे हाताला कळू द्यावे. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसते सेल्फवर फिरवावे. बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप बदलल्यावरच खरा स्टार्ट. विकणारा याला तयार नसेल तर इंजिन बंद आहे असे धरून भाव सांगावा.

इंजिन चालू झाले म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला तयार झाली, हा दुसरा गैरसमज. माझा क्रम याच्या उलट आहे. आधी थांबणे, मग वळणे, मग थंड राहणे आणि शेवटी पळणे. ब्रेकचे कॅलिपर उतरवून पिस्टन सरकतात की जाम झालेत हे पाहायचे, रबरी ब्रेक होज सरसकट नवे टाकायचे. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट तपासायचे. टायरवर नक्षी किती उरली आहे ते सगळेच पाहतात, पण बाजूवरचे चार आकडे थोडेच वाचतात. 1716 असे लिहिले असेल तर तो टायर 2016 सालच्या सतराव्या आठवड्यातला आहे. नक्षी नव्यासारखी असली तरी तो बदलायचाच. हा आग्रह आता जास्त धरावा लागतो, कारण परभणीहून जालन्याला गेले की समृद्धी महामार्ग लागतो. 5 जून 2025 पासून तो 701 किलोमीटर सलग खुला झाला आहे आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. तापलेल्या काँक्रीटवर त्या वेगाने तासभर चालताना जुना टायर फुटतो. परिवहन विभागाने या मार्गावर टायर तपासण्याची मोहीम उगाच घेतली नव्हती. वेगाची गाडी घेणारा पहिल्या रविवारी तिकडेच जाणार, हे गृहीत धरून दुरुस्तीची यादी लिहावी.

कागदपत्रांनाही उभे राहिल्याची थकबाकी चढते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर पासिंग करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 2005 सालच्या आरएसची मुदत 2020 मध्येच संपली. मालकाने नूतनीकरण केले नसेल तर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोटारीला उशिराच्या दर महिन्यामागे 500 रुपये जादा शुल्क आहे. तीन वर्षे राहिले तर तेच 18 हजार. शिवाय 15 वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचे शुल्क 5 हजार होते, आणि 20 वर्षांपुढच्या मोटारीला 2025 मध्ये ते 10 हजार झाले. वर राज्याचा पर्यावरण कर. यात कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलेला नसणे, ई-चलन थकलेले असणे, मूळ मालक हयात नसणे यांपैकी काही निघाले की प्रकरण एजंटाच्याही हाताबाहेर जाते. दिल्लीत जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या वेगवान गाड्या पडत्या भावात इकडे येतात. त्यांना एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो, हे भाव ऐकताना विसरले जाते. आणि चासी व इंजिनावर ठोकलेले क्रमांक आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. 2020 च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारच्या प्रकरणात गुन्हा नोंदवला, तेव्हा एकाच चासी-इंजिन क्रमांकावर अनेक नोंदण्या झाल्याचा आरोप होता. नव्या गाडीच्या बाबतीत असा संशय निघू शकतो तर पाच हात फिरलेल्या गाडीचे काय सांगावे.

यावर जाणती माणसे विचारतात की एवढे करण्यापेक्षा त्याच पैशांत नवी छोटी गाडी का घेऊ नये? ज्याला घरात एकच गाडी परवडते, दवाखान्यापासून शेतापर्यंत तिच्यावरच भिस्त आहे, त्याने नवीच घ्यावी. इथे माझा त्यांच्याशी वाद नाही. पण हौस हा गुन्हा नाही, आणि दुसरी गाडी म्हणून हा सौदा तोट्याचाच असतो असेही नाही. उभ्या गाडीतला बिघाड बहुतेक रबरात, तेला-पाण्यात आणि वायरीत असतो. पिस्टन, क्रँक, गिअर ही महागडी लोखंडी कामे बरेचदा शाबूत असतात. जास्त पळालेल्या गाडीत नेमके उलटे असते. म्हणजे योग्य पद्धतीने जागी केलेली उभी गाडी घेणे शहाणपणाचे ठरू शकते, फक्त थकबाकी भावातून वजा झाली पाहिजे. सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार अर्धीच खरी. आरएसचे इंजिन फोक्सवॅगन-ऑडी समूहाच्या कितीतरी गाड्यांत वापरले गेले, त्यामुळे बेल्ट, कॉइल, सेन्सर, गॅस्केट मागवता येतात. मिळत नाहीत ते बंपर, दिवे, आतले प्लास्टिक. म्हणून इंजिन बिघडलेली पण अंगाने पूर्ण गाडी घ्यावी. इंजिन ठणठणीत पण अंगावरचे भाग गायब असलेली घेऊ नये. बाजार नेमका उलटा भाव लावतो, आणि त्यातच जाणकाराचा फायदा आहे.

सुरक्षितता आणि धुराचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. जुनी वेगवान गाडी अर्धवट दुरुस्त करून रस्त्यावर आणणे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. सायलेन्सरमधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून आवाज वाढवणारे, परवानगीशिवाय दुसरे इंजिन बसवणारे आणि चासी कापणारे गॅरेजवाले या छंदाला बदनाम करतात. मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती कडकपणे उचलून धरली. कंपनीने दिले तसेच ठेवा, तेवढेच नीट चालवा, पीयूसी खरी काढा. याहून जास्त काही करण्याची गरज 150 अश्वशक्तीच्या गाडीत नाही. काही गाड्यांना मात्र साफ नाही म्हणावे. पुरात बुडालेली, चासीला वाक आलेली, इंजिनाचा संगणक किंवा मूळ चावी हरवलेली आणि जिच्या कागदांवर सही करणारा सापडत नाही अशी. तिचा भाव शून्य असला तरी ती महाग आहे.

दिवाळी ते होळी हा कोरडा काळ अशा कामाला उत्तम. घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी आरसीची मुदत, टायरवरचे चार आकडे आणि ब्रेक ऑइलचा रंग या तीन गोष्टी पाहाव्यात आणि गाडी चालवत न आणता टेम्पोवर घालून आणावी. मुदत संपलेल्या, विमा नसलेल्या गाडीने वाटेत कुणाला धडक दिली तर भरपाई घरादारावर येते. आणि ज्यांच्या वाड्यात, आखाड्यावर अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे त्यांना विनंती: ती चालवायची नसेल तर पुढचा पावसाळा लागण्याआधी, कागद जिवंत असतानाच, तिची कदर असलेल्या माणसाला विकून टाका.