तिकीट किर्लोस्करवाडीचे

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसून आपण किर्लोस्करवाडीला उतरणार असे सांगितले, की समोरचा प्रवासी दोनच अंदाज बांधतो. एक तर हा कारखान्यात नोकरीला असावा, नाही तर कारखान्यात नोकरी मागायला चालला असावा. माझ्यासमोर बसलेल्या, रहिमतपूरच्या आजोबांनीही तसेच विचारले. मी म्हटले, "नाही हो, मी नोकरी सोडायला चाललोय."

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि आम्हा दोघांच्या मध्ये ठेवलेली शेंगांची पुडी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

त्यांचे काही चुकले नाही. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही पुडी ओढली असती. एका विमा कंपनीच्या दावे विभागात मी एकोणीस वर्षे आहे. लोकांची जळालेली दुकाने आणि पुरात बुडालेल्या मोटारी कागदावर तपासायच्या आणि शेरा मारून पुढच्या टेबलावर सरकवायच्या. काम वाईट नाही. पगार वेळेवर होतो. साहेब चांगले आहेत. डोंबिवलीचे घर त्याच पगारावर उभे आहे आणि मुलीचे कॉलेजही. पण गेली तीन वर्षे दर रविवारी दुपारी चार वाजले, की माझ्या पोटात खड्डा पडू लागतो. सौ. म्हणते, पित्त आहे. सुंठसाखर खाऊन पाहिली. सोमवारचे पित्त सुंठीने जात नाही!

जाते ते पेटीने. पेटी म्हणजे हार्मोनियम. वडिलांच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला, तो बसवून घेण्यासाठी मी गिरगावातल्या एका कारागिराकडे गेलो आणि पुढची दोन वर्षे दर शनिवारी त्याच्या पायरीवर बसून राहिलो. पितळी सुराची जीभ टोकाकडे किंचित घासली तर सूर चढतो आणि बुडाकडे घासली तर उतरतो, हे ज्या दिवशी माझ्या हाताला समजले, त्या दिवशी मी घरी चालत आलो की तरंगत, ते आठवत नाही. तेव्हापासून डोक्यात एकच विचार. राजीनामा लिहून झाला होता. चार घड्या घालून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. सौ. रडली नाही, रागावली नाही. एवढेच म्हणाली, "एकदा मामांना विचारून या. मग काय ते करा."

मामांचे नाव तिने काढले आणि मला मनातून आनंद झाला. कारण मामा किर्लोस्करवाडीचे. आणि नोकरी सोडणाऱ्या मराठी माणसाला देव हवाच असेल, तर तो लक्ष्मणराव किर्लोस्करांचा! १८८५ साली हा बेळगावकडचा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले, म्हणून रंग सोडून यंत्रांची चित्रे काढू लागला. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अशा माणसाच्या गावात मला कोण अडवणार?

मी पेट्यांचे सांगताच आजोबांची पुडी पुन्हा मध्ये आली. "आमच्या देवळातली पेटी हवा सोडते," ते म्हणाले, "भाता मारणारा दमतो आणि बुवा चिडतात." आदर्कीचा घाट संपेपर्यंत त्यांनी त्या पेटीची संपूर्ण प्रकृती मला सांगितली. रहिमतपूरला उतरताना माझा नंबर मागून घेतला.

पुढे कऱ्हाड आले. स्टेशन गावापासून दूर, ओगलेवाडीला. ओगल्यांचा काच कारखाना आणि प्रभाकर कंदील ही नावे ज्यांच्या घरात एके काळी रोज संध्याकाळी उच्चारली जात, त्यांना ही पाटी पाहून गलबलून येते. त्या पलीकडे मग उसाचे राज्य. ताकारी गेले आणि मी बॅग खाली काढली.

मामा फलाटावर छत्री घेऊन उभे. पाऊस नव्हता, ऊन नव्हते. पण मामा छत्रीशिवाय स्टेशनवर येत नाहीत. त्यांनी कारखान्यात छत्तीस वर्षे लाकडी पॅटर्न केले. पंपाचा जो भाग ओतायचा, त्याची आधी लाकडात हुबेहूब प्रतिकृती करायची, तिच्यावरून वाळूत साचा घ्यायचा आणि त्यात लोखंड ओतायचे. आपल्या शेतातल्या विहिरीवर जे किर्लोस्कर पंप धडधडतात, त्यांच्या पोटी असे कोणाचे तरी सुतारकाम असते.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो. सरळ रस्ते, दुतर्फा मोठी झाडे, त्यांच्या मागे बैठी घरे. आजूबाजूचा पलूस-कुंडलचा मुलूख ऊस-द्राक्षांनी बदलून गेला आहे, पण या वाडीच्या आखीवपणात जुन्या काळची शिस्त अजून दिसते. "हे स्टेशन तेव्हा कुंडल रोड," मामा सांगू लागले. "बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली. लक्ष्मणरावांना कारखाना उचलणं भाग पडलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी इथली बत्तीस एकर जमीन दिली. १९१० साल. पाणी नाही, सावली नाही. निवडुंग आणि साप!" रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली, ही गोष्ट मामांनी मला लहानपणापासून पन्नास वेळा तरी सांगितली असेल. तरीही ती सांगताना ते चालायचे थांबतात. याच माळावरून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढले, त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. मग १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या गावातून निघालेली ही मासिके घरोघरच्या माजघरात जाऊन बसली.

योग्य वेळ आली असे वाटून मी बॅगेतल्या कागदाची गोष्ट काढली. शेवटी म्हटले, "मामा, लक्ष्मणरावांनी तरी कुठं मागचा-पुढचा विचार केला?"

मामांनी छत्री जमिनीवर टेकली. "कोण म्हणतं, नाही केला? बेळगावचं सायकलचं दुकान कधीचं?"

"१८८८."

"आणि नोकरी कधी सोडली? त्यानंतर बऱ्याच वर्षांनी! हे मुंबईत शिकवीत होते, इथून सायकली पाठवीत होते आणि तिकडे रामुअण्णा, त्यांचे थोरले बंधू, दुकान सांभाळीत होते. अपमान झाला त्या दिवशी उठून जायला त्यांना जागा होती. तुझं दुकान कोण सांभाळतंय?"

मी गप्प.

"लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष बाधेल. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! तेवढे दिवस घरातली चूल कशावर पेटत होती? तू फक्त राजीनामा वाचलास. हिशेबाची वही नाही वाचलीस."

खरे सांगतो, मला राग आला. छत्तीस वर्षे एका जागी काढलेल्या माणसाने मला धाडसाचे धडे द्यावेत! रात्री जेवताना मी फारसा बोललो नाही. मामी पिठले वाढता वाढता म्हणाल्या, "भजनी मंडळाची पेटी आणून ठेवलीय. दोन सूर बसलेत. बघता का जरा?"

पेटी उघडली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. एका सुराच्या जिभेखाली बारीक कचरा अडकला होता, तो निघाला. दुसऱ्याची जीभच तडकली होती. माझ्याजवळच्या डबीतून जुळणारा सूर काढून घासत बसलो. मामा शेजारी मोड्यावर. अकराच्या सुमाराला ते उठले आणि कपाटातून एक पोलादी पट्टी घेऊन आले. "हिच्यावरचा एक फूट तुझ्या फूटपट्टीशी लावून बघ."

लावून पाहिला. मामांचा फूट चक्क मोठा होता!

"पॅटर्नवाल्याची पट्टी अशीच असते. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. मीटरला सुमारे दहा मिलिमीटर. म्हणून लाकूड तेवढं मोठं कापायचं. तू महिन्याला किती पेट्या धरल्यास?"

"आठ."

"कुठल्या पट्टीनं?"

मी पुन्हा गप्प. पण या वेळी राग आला नाही. मामांनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली आणि रात्री एक वाजेपर्यंत आम्ही आठाच्या पाच, पाचाच्या तीन पेट्या करून मुलीच्या फीपाशी आणून भिडवल्या. तीन पेट्यांत फी बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "मिरज पाहून ये." मिरजेची सतारमेकर गल्ली मी ऐकून होतो, पाहिली नव्हती. तिथले हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले करणारे, त्यांना धार लावणारे हात. संस्थानिकांच्या तलवारी म्यानात गेल्या आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतारी-तंबोरे करायला घेतले. त्यांना कोणी विचारले नव्हते, तुम्हाला कामात समाधान वाटते का म्हणून! गिऱ्हाईक संपले, तेव्हा हत्यार खाली ठेवले आणि भोपळा हातात घेतला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी याच गावात घर केले आणि मिरजेचा तंबोरा साऱ्या देशात घुमू लागला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका दुकानात शिरलो. आढ्याला टांगलेले भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. जमिनीवर लाकडाचा भुसा. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढीत होते. कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. पाऊण तास मी पाहत उभा राहिलो. त्या पाऊण तासात त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. मग मान वर करून "चहा?" एवढेच विचारले.

चहा आणणारा तरुण त्यांचा धाकटा मुलगा. थोरला पुण्याला संगणकाच्या कंपनीत. मी विचारले, "त्यांना हे काम येतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं यायचं," धाकटा म्हणाला. "पण त्याला इथं कोंडल्यासारखं व्हायचं. आता खूश आहे. ईदला येतो, तेव्हा एखादी जवारी काढतो. अब्बा म्हणतात, हात बिघडला नाही अजून."

मी त्या रिकाम्या बैठकीकडे पाहिले. ज्या खुर्चीतून मी उठू पाहत होतो, तसल्याच एका खुर्चीकडे हा थोरला मोठ्या आनंदाने निघून गेला होता. त्याच्या बैठकीवर बसायला मी डोंबिवलीहून धावत आलो होतो. आम्हा दोघांपैकी चुकले कोण, हे त्या म्हाताऱ्या कारागिरांना विचारावेसे वाटले. पण त्यांनी पुन्हा कानस हातात घेतली होती.

निघताना मामांनी भजनी मंडळाचे सहाशे रुपये माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणू लागलो तर म्हणाले, "नको म्हणालास, तर ती हौस झाली. घे. आणि वहीत लिही."

वही सौ.ने केली. शंभर पानी. पहिल्या ओळीत किर्लोस्करवाडीचे सहाशे. राजीनामा विम्याच्या पावत्यांखाली ठेवला आहे. त्यावर तारीख घातलेली नाही. वर्षभर शनिवार-रविवार पेट्या करायच्या, दुसऱ्याच्या दुकानात नव्हे तर आपल्या गॅलरीत, आणि वहीतला आकडा सलग सहा महिने फी, हप्ता आणि वाणी यांना पुरला तर तारीख घालायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. गॅलरीत सध्या चार पेट्या आहेत. वाळत घालायचे कपडे स्वयंपाकघरात गेले आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या काकू, एकच सूर तासभर ऐकून डोके उठते, अशी तक्रार सोसायटीकडे करणार असल्याचे कळते. रविवारचे चार मात्र आताशा कधी वाजतात ते समजत नाही. सोमवारचे आठ अजून समजतात.

परवा रहिमतपूरहून फोन आला. आजोबाच होते. देवळाच्या पंचांनी पेटी दुरुस्त करायला मंजुरी दिली आहे, फक्त ती डोंबिवलीपर्यंत आणायची कोणी, यावर अजून एकमत होत नाही.