कारण न सापडलेला झटका

सुदुंबरे, ता. मावळ, जि. पुणे

ती. दादास,


कुत्र्याला झटका येतो तेव्हा मेंदूतल्या पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी, कसलाही धरबंध न राहता, विद्युत्-संदेश सोडू लागतो. एरवी मेंदूत चेतवणारे आणि आवर घालणारे असे दोन्ही संदेश सतत चालू असतात. आवर कमी पडला की शरीराचा ताबा सुटतो. गावात याला फिट, आकडी किंवा फेफरं म्हणतात. झटका हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. त्यामागे विष असू शकतं, रक्तातली साखर उतरलेली असू शकते, मेंदूत गाठ असू शकते. आणि सगळं तपासूनही काहीच हाती लागत नाही, असंही पुष्कळदा होतं.

बहुतेक झटके कुत्रं निवांत असताना, झोपेत किंवा पहाटे येतात. कधी कधी आधीचे काही तास ते अस्वस्थ असतं, माणसांच्या पायांत घुटमळतं, नाहीतर कोपऱ्यात दडून बसतं. मग चारही पाय ताठ होतात, मान मागे ओढली जाते आणि ते कुशीवर कोसळतं. काही सेकंद श्वास अडकल्यासारखा वाटतो. त्यानंतर पाय पोहल्यासारखे हलू लागतात, दात कटकट वाजतात, तोंडाशी फेस येतो. जीभ चावली गेली असेल तर तो फेस गुलाबी दिसतो. लघवी होते, कधी शीही होते. डोळे उघडे असतात, पण समोर कोण आहे ते कुत्र्याला कळत नाही. या वेळी शुद्ध हरपलेली असते, त्यामुळे कुत्र्याला वेदना जाणवत नाहीत असं तज्ज्ञ मानतात. जे विव्हळणं ऐकू येतं ते छातीचे स्नायू आवळून हवा बाहेर रेटली गेल्यामुळे. पाहणाऱ्याच्या काळजाचं पाणी करणारा हा आवाज आहे, म्हणून ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असलेली बरी.

झटका साधारण एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतो. नंतरचा काळ त्याहून लांब असतो. कुत्रं भेलकांडतं, भिंतीला धडकतं, काही वेळ त्याला दिसतही नाही. अधाशासारखं पाणी पितं, खायला मागतं, आणि ज्याच्या ताटाशी रोज बसतं त्याच्यावरच गुरगुरतं. हे काही मिनिटांत निवळतं किंवा दिवसभरही टिकतं. तेवढा वेळ लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावं लागतं.

प्रत्येक झटका असा सर्वांगाचा नसतो. एकाच गालाची किंवा एकाच पायाची थरथर, नसलेली माशी पकडायला हवेत तोंड मारणं, मध्येच शून्यात पाहत राहणं, हेही झटक्याचेच प्रकार असू शकतात.

झटका चालू असताना घरच्यांनी करायची कामं थोडी आहेत. सगळ्यांत आधी घड्याळ पाहायचं. भीतीपोटी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, आणि पुढचे सगळे निर्णय मिनिटांवर अवलंबून असतात. कुत्रं जिना, ओटा, विहीर किंवा चूल यांच्या जवळ असेल तर मागच्या बाजूने धरून हळूच सरकवायचं, डोक्याखाली गोधडीची घडी द्यायची, दिवा मंद करायचा, आवाज बंद करायचे. तोंडात हात, चमचा, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. कुत्र्याची जीभ घशात जात नाही. मात्र आवळलेल्या जबड्यात बोटं सापडली तर ती फाटतात. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, पायाशी लोखंड ठेवणं हे माणसाच्या आकडीला करतात तसं कुत्र्यालाही केलं जातं. झटका आपल्या वेळेने थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळतं, म्हणून हा समज इतकी वर्षं टिकून आहे. नुसता निरुपयोगी असता तर चाललं असतं, पण त्यात माणसाचा हात थेट कुत्र्याच्या तोंडाशी जातो.

पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर थांबून पाहायचं नाही. स्नायूंच्या सततच्या आवळण्याने अंगातली उष्णता झपाट्याने वाढते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. लांबलेल्या झटक्यात ते १०५च्या पुढे जाऊ शकतं, आणि त्या उष्णतेनेच मेंदूला इजा होते. पोटावर, काखेत, पंजांना साधं पाणी लावून पंखा सुरू करायचा, बर्फ लावायचा नाही, आणि गाडी काढायची. सुदुंबऱ्याहून रात्री तळेगाव, चाकण किंवा पिंपरी-चिंचवडकडे निघायची वेळ येऊ शकते, म्हणून रात्री कोणता दवाखाना उघडा असतो याची चौकशी दिवसाउजेडी करून ठेवलेली असावी. ज्या कुत्र्याला पुन्हा पुन्हा झटके येतात त्याच्या घरी डॉक्टर डायझेपामची गुदद्वारातून द्यायची मात्रा किंवा नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा ठेवायला सांगतात. ती मात्रा वजनावर ठरते आणि डॉक्टरांनीच ठरवायची असते.

निदानासाठी सगळ्यांत मोलाची गोष्ट झटका चालू असतानाच्या मिनिटांत हाती येते. डॉक्टरांना झटका जवळजवळ कधीच दिसत नाही. कुत्रं दवाखान्यात पोहोचतं तेव्हा ते शेपटी हलवत टेबलावर उभं असतं, रक्ताचे आकडे ठीक असतात, आणि तपासायला उरते ती फक्त घरच्यांची साक्ष. म्हणून एकाने कुत्र्याशेजारी बसावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं. त्या वेळी चित्रण करणं निर्दयपणाचं वाटतं, तरी त्या कुत्र्यासाठी त्याहून उपयोगी दुसरं काही करता येत नाही. चित्रणात पूर्ण अंग दिसावं, डोळे दिसावेत, आणि झटका संपल्यानंतरची दोन-चार मिनिटंही यावीत.

चित्रणाची गरज अशासाठी, की झटक्यासारखं दिसणारं बरंच काही असतं. हृदयाच्या दोषाने येणारी घेरी बहुधा पळताना किंवा आनंदाने उड्या मारताना येते; कुत्रं सैल पडतं आणि काही सेकंदांत उठून चालू लागतं, नंतरचा गोंधळ नसतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा तोल अचानक जातो, मान एका बाजूला कलते, बुबुळं लयीत हलतात. तो कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो. मण्यार किंवा नाग चावला तर अंग लुळं पडत जातं, ताठरत नाही. लॅब्राडॉरमध्ये जोराच्या व्यायामानंतर मागचे पाय लटपटून कोसळण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचं जनुक २००८ साली सापडलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यातच असल्याने शोधकामाची कुत्री या गावाला अनोळखी नाहीत. अशा पथकात कुत्र्याचा ठरलेला हँडलर असतो आणि कुत्र्याच्या चालीतला, भुकेतला बारीक फरक त्याच्या लगेच नजरेत येतो. घरच्या कुत्र्याला तसा एक माणूस मिळाला तर निदानाचं निम्मं काम होतं.

खरा झटकाच आहे असं ठरलं की कारणांचा शोध बाहेरून आत जातो. आधी विष. मावळात हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, कारण भातशेती, तळेगाव परिसरातली फुलांची पॉलीहाऊसं आणि घरोघरचं धान्य या तिन्हींभोवती औषधं असतात. थिमेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोरेटवर २०२०च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, पण जुना डबा गोठ्याच्या फळीवर असू शकतो. फोरेटच्या गटातल्या कीटकनाशकांनी लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि मग अंग उडू लागतं. त्यावर अ‍ॅट्रोपीनचा उतारा असतो, वेळ मात्र थोडा. उंदरांसाठी पिठात कालवून ठेवलेलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडतं. अशा कुत्र्याला दूध किंवा भाकरी देऊ नये, कारण खाल्ल्याने आम्ल वाढतं; आणि त्याच्या ओकारीजवळ बंद खोलीत माणसांनीही थांबू नये. गाई-म्हशींच्या गोचिडांचं औषध अंदाजाने कुत्र्याच्या अंगावर ओतणं हे आणखी एक कारण, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे. पावसाळ्यात अंगणात येणारा खरखरीत कातडीचा भेक तोंडात धरला तर त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतल्या विषानेही फेस आणि झटके येतात. विषाचा संशय असेल तर डब्याचं लेबल किंवा पुडीचा कागद सोबत न्यावा.

मग शरीरातली कारणं. जंतांनी पोखरलेल्या, उपाशी पिलाची साखर उतरते. पिलं पाजणाऱ्या कुत्रीचं कॅल्शियम व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एकदम घसरतं. ती धापा टाकते, ताठरते, आणि शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की डोळ्यांदेखत सावरते. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी असेल तर जेवणानंतर गुंगी आणि झटके दिसतात. मूत्रपिंडाचा जुना विकारही इथेच मोडतो.

त्यानंतर मेंदूतली कारणं. लस न दिलेल्या कुत्र्यात डिस्टेंपर हा मोठा संशयित असतो. आधी ताप, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, आणि मग जबडा काहीतरी चघळल्यासारखा हलत राहणारे झटके. गोचीड तापाचे जंतूही कधी मेंदूपर्यंत पोहोचतात. उतारवयात गाठीची शंका घ्यावी लागते. आणि रेबीज विसरून चालत नाही. लसीचा पत्ता नसलेल्या, आवाज बदललेल्या, गिळता न येणाऱ्या, दिसेल त्याला चावणाऱ्या कुत्र्याला झटके येत असतील तर त्याला हात लावायचा नाही. त्याची लाळ जखमेला लागली किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करायची.

एवढं सगळं गाळून झाल्यावर जे उरतं त्याला ‘कारण अज्ञात’ असलेला अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा झटके येण्याचा आजार, म्हणतात. पशुवैद्यक मेंदूरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ साली याचे निकष घालून दिले: किमान दोन झटके, त्यांच्यात चोवीस तासांहून जास्त अंतर, पहिल्या झटक्याचं वय सहा महिने ते सहा वर्षांच्या दरम्यान, झटक्यांच्या मधल्या काळात मज्जासंस्थेची तपासणी निर्दोष, आणि रक्त-लघवीचे अहवाल स्वच्छ. वय या पट्ट्याबाहेर असेल किंवा चाल बदललेली असेल तर एमआरआय आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी सुचवली जाते. दोन्हींसाठी भूल लागते आणि खर्चही मोठा असतो, त्यामुळे निकषांत चपखल बसणाऱ्या कुत्र्याला तिथपर्यंत नेलं नाही तरी ते दुर्लक्ष ठरत नाही. पुढचा सल्ला हवा असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा १८८६ साली सुरू झालेलं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, या शिकवणाऱ्या संस्था आहेत.

अपस्माराचं प्रमाण सर्वसाधारण कुत्र्यांत शंभरात एकाहूनही थोडं कमी मानतात. काही जातींत ते बरंच जास्त आहे, आणि बेल्जियन शेफर्डसारख्या जातीत जोखीम वाढवणारं जनुकही सापडलं आहे. कारण अज्ञात असलं तरी हा आजार बाहेरचं काही लागल्यामुळे नसतो, कुणाच्या खाऊ घालण्यामुळे नसतो, की कुणाच्या हेळसांडीमुळे नसतो.

आपल्या घरच्या मोत्या या कुत्र्याला आलेला झटका सध्या याच ‘कारण अज्ञात’ वाटेवर आहे. वय चार, लसी पूर्ण, झटका पहाटेचा, जेमतेम दोन मिनिटांचा, नंतर तासभर भेलकांडणं आणि मग नेहमीसारखी भाकरी. घरात थिमेट नाही, उंदरांचं औषध नाही, साखर आणि कॅल्शियम ठीक. पण झटका एकच आहे, आणि एका झटक्यावर अपस्माराचं नाव देता येत नाही. काही कुत्र्यांना जन्मात दुसरा झटका येतच नाही. म्हणून अशा वेळी औषध सुरू न करता वाट पाहणं हाच योग्य उपचार ठरतो.

सहा महिन्यांत दोन किंवा जास्त झटके आले, एखादा पाच मिनिटांपुढे गेला, किंवा एका दिवसात अनेक आले, तर मात्र औषध लागतं. १९१२पासून माणसांना दिलं जाणारं फेनोबार्बिटोन कुत्र्यांसाठी आजही पहिल्या पसंतीचं आहे. ते बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा देतात. सुरुवातीला कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, खूप पाणी पितं, सतत खायला मागतं. झिंग दोन आठवड्यांत ओसरते, भूक राहते. त्याच सुमारास रक्तातली पातळी मोजतात, आणि पुढे दर सहा महिन्यांनी यकृताच्या तपासणीसह. पोटॅशियम ब्रोमाइड आणि लेव्हेटिरासेटाम जोडीला देता येतात. ब्रोमाइड चालू असताना मिठाचं प्रमाण बदलू नये. सुकट किंवा पापड जास्त झाले तर ते औषध शरीराबाहेर फेकलं जातं. घरात माणसासाठी आणलेलं फेनिटॉइन कुत्र्याला देण्यात अर्थ नाही, त्याचं यकृत ते काही तासांत संपवतं.

औषधाचं यश म्हणजे झटके पूर्ण बंदच होणं असं नव्हे. निम्म्याहून कमी होणं, हलके आणि आखूड होणं हेही यशच. ते कळतं नोंदवहीतून. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय झालं, नंतर काय झालं, एवढं लिहिलं तरी पुरतं. अमावास्येचा संबंध आहे की फटाक्यांचा, हा वादही वहीच मिटवते.

गोळी एकाएकी बंद करणं सगळ्यांत धोक्याचं, कारण त्यानेच न थांबणारा झटका येऊ शकतो. एक-दोन वर्षं झटका आला नाही तरच डॉक्टर मात्रा महिन्या-महिन्याने थोडी थोडी उतरवतात. घरचे लग्नाला किंवा यात्रेला गावाबाहेर जाणार असतील तर गोळीची वेळ, डॉक्टरांचा फोन आणि वही शेजाऱ्यांच्या हाती दिलेली असावी, आणि झटका चालू असताना तोंडात बोट घालायचं नाही हे त्यांना तोंडी सांगितलेलं असावं.

 

तुझा,
धाकटा भाऊ